प्यायचं पाणी, वापरायचं पाणी

पाणी दोन प्रकारचं असतं हे आम्हा सोलापूरकरांना शाळेत जायच्या आधी कळतं. एक प्यायचं, एक वापरायचं. नळ चार-पाच दिवसांनी येणार, कधी आणखी लांबणार. मग प्यायचं पाणी फडक्यानं गाळून, झाकून, उंचावर. आणि वापरायचं पिंपात, हौदात, टाकीत, जिथं मावेल तिथं. प्यायच्या पाण्यात कुणी भांडी घासता घासता तांब्या बुडवला तर आमच्या आईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आणि वापरायचं पाणी प्यायची वेळ आलीच तर? उकळायचं. उकळलं की झालं, विषय संपला. या दोन गोष्टींवर माझा इतका विश्वास होता की मी त्या प्रयोगशाळेत घेऊन गेले, आणि त्यापायी माझ्या वहिनीच्या हातांची वाट लागली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याविषयी बरं मत करून घेणार नाही.

मी पीएच.डी. करत होते. अजूनही करतेच आहे म्हणायचं, लोकांनी विचारायचं सोडलं एवढंच. काम सांगायला भारी आणि करायला कंटाळवाणं. डीएनएचे छोटे छोटे तुकडे कंपनीकडून मागवायचे. ते पांढऱ्या पुडीसारखे कोरडे येतात, नळीच्या तळाला दिसतात न दिसतात एवढे. ते पाण्यात विरघळवायचे, एकत्र करायचे, उकळीच्या आसपास तापवायचे आणि हळूहळू गार करायचे. तुकड्यांची अक्षरं अशी आखलेली असतात की गार होताना ते एकमेकांना आपोआप धरतात आणि त्यांचा ठोकळा तयार होतो. इतका बारीक ठोकळा, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. हे सगळं आपलं आपण होतं, माणसानं फक्त नीट आखायचं आणि नीट विरघळवायचं.

आमच्या ठोकळ्याला एक जास्तीचा तुकडा लटकवलेला होता. पेशी चिडली की तिच्या आतलं एक प्रथिन धावत जाऊन डीएनएच्या एका ठरावीक जागेला पकडतं, आणि तिथून सगळ्या शरीरभर बोंब उठते, धावा, शत्रू आला. आमचा लटकवलेला तुकडा हुबेहूब त्या जागेसारखा. प्रथिन फसून त्यालाच धरून बसणार, आणि बोंब उठणारच नाही. ज्या माणसांची प्रतिकारशक्ती शत्रू नसताना स्वतःच्याच अंगावर उठते, त्यांच्यासाठी हे. माझ्या वहिनीसारख्यांसाठी.

वहिनी करमाळ्याकडची. माझ्या मोठ्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा मी अकरावीत होते, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या कॉलेजच्या ड्रेसची कॉलर उसवून परत शिवून दिली होती. "कुनी शिवलंय वो हे? कॉलर हाय का बैलाचं जू?" आमच्या सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ. त्यातल्या एका कारखान्याचं कॉलरचं काम तिच्याकडं घरी यायचं. फक्त कॉलर. कॉलर शिवून उलटवली की तिचं टोक बाहेर काढणं हे बोटांचं काम आहे, सुईनं ढोसलं की कापड फाटतं. तिची टोकं अशी यायची की कारखान्याचा मास्तर दुसऱ्या बायकांना तिची कॉलर नमुना म्हणून दाखवायचा. हे ती मला दर महिन्याला एकदा तरी सांगायची, आणि मी दर वेळी म्हणायचे, "झालं का पुराण सुरू!"

मग तिला आमवात झाला. आधी सकाळी बोटं धरायची, मग मनगटं सुजली. सांध्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली. गोळीनं हात शाबूत राहिले, शिवण चालू राहिलं. पण गोळी घेतली की दुसरा सगळा दिवस ती पित्त उसळल्यासारखी पडून असायची, अन्नाचा वास सहन व्हायचा नाही, केस गळायचे. "हात राखायला पोट इकलंय मी," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. माझा विषय ठरला तेव्हा घरात पहिल्यांदा तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग लवकर करा की वन्सं. मला काय दम न्हाय." चेष्टेत म्हणाली. मी ते चेष्टेत घेतलं नाही, मनाशी शपथ घेतल्यासारखं घेतलं. तिथंच पहिली चूक झाली असं आता वाटतं. कुणाच्या तरी हातांसाठी प्रयोग करायला निघालेल्या माणसाला निकाल हवा असतो, आणि ज्याला निकाल हवा असतो त्यानं पिपेटला हात लावू नये.

तर पाणी. अशा कामाला अतिशय शुद्ध पाणी लागतं. ते सीलबंद बाटलीत पुण्याहून यायचं, संपलं की पंधरा-पंधरा दिवस वाट बघायची. आमच्या लॅबमध्ये ऊर्ध्वपातनाचं यंत्रही होतं, त्यातलं पाणी मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवलेलं असायचं. आता मला कुणी सांगावं लागलं नाही. मी आपणहून वाटणी केली. बाटलीतलं चांगलं पाणी नाजूक कामाला, म्हणजे पेशींना आणि तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्यांना. कॅनमधलं वापरायचं पाणी तुकडे विरघळवायला. ते तुकडे पुढं तापवायचेच होते ना! आणि कॅनमधलं पाणीही मी आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आपल्या कुकरच्या थोरल्या भावात, शिजवून घेत होते. उकळलं की झालं. बाटली तीन-तीन महिने पुरवली म्हणून माझ्या गाईड सरांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी लाजले. लाजायलाच हवं होतं, पण वेगळ्या कारणानं.

प्रयोग असा होता. धडधाकट माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून ताटलीत ठेवायच्या. त्यांना आमचा ठोकळा द्यायचा, एक दिवस थांबायचं, त्या ज्या द्रवात ठेवल्या तो बदलायचा, आणि मग मेलेल्या जंतूंच्या सालीचा चुरा टाकून त्यांना मुद्दाम चिडवायचं. ज्या पेशींना ठोकळा दिला नाही त्यांनी थयथयाट केला. ठोकळा दिलेल्या पेशी गप्प. एकदा केलं, दोनदा केलं, तीनदा केलं. गप्प. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता लिहायला घ्या." मी घरी फोन केला. फोन वहिनीनंच उचलला. मी रडत होते आणि तिला वाटलं मी नापास झाले.

आणि मग सत्कार. आमच्याकडं सत्काराला कारण फार लागत नाही. कुणाचं पोरगं पोलिसात भरती झालं, सत्कार. कुणाची बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, तरी सत्कार. आमच्या गल्लीच्या मंडळाला कुठून तरी कळलं, बहुतेक दादाकडूनच, आणि शोधनिबंध अजून कुठं छापून यायचा होता, नुसता पाठवला होता, तर यांनी मांडव टाकला. शाल, नारळ, गळ्यात हार, मागं माझा फोटो असलेला फलक. त्यावर लिहिलेलं, 'संधिवातावर औषध शोधणारी आपली कन्या'. मी तो फलक वाचला. शोधणारी की शोधलेली, असला वाद घालत बसायची ती वेळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तो फलक आवडला होता. डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय!

माईक हातात आला आणि मी बोलले. काय बोलले ते आजही शब्दनशब्द आठवतं, विसरायचा फार प्रयत्न केला म्हणून असेल. मी म्हणाले, "आत्ताच्या गोळ्या म्हणजे एका वाट चुकलेल्या शिपायासाठी अख्ख्या पोलीस ठाण्याला झोपेचं औषध देण्यासारखं आहे. आमचा ठोकळा फक्त त्या शिपायाच्या कानात बोलतो." टाळ्या. ताटलीतून सुईपर्यंत जायला दहा-बारा वर्षं लागतात, त्यातही बहुतेक औषधं मधेच मरतात, हे मी बोलले नाही. बोलले असते तर टाळ्या अर्ध्यावर थांबल्या असत्या. वहिनी पहिल्या रांगेत होती, काठाची साडी नेसून. सगळ्यात जोरात तीच वाजवत होती.

दोन-तीन दिवसांनी ती मशीनवर बसली होती आणि मी जवळच लॅपटॉप घेऊन. टाके घालता घालता तिनं विचारलं, "वन्सं, आंगातनं जुनं औषद जायला किती दिस लागत्यात वो?"

मी मान वर केली नाही. "औषध लवकर जातं, पण परिणाम पूर्ण जायला महिना-दोन महिने धर."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढची कॉलर घेतली.

हा प्रश्न तिनं का विचारला, असं मला विचारावंसं वाटलं नाही. आमच्या घरात विज्ञानातलं विचारायला कुणी येतंय याचाच मला आनंद. परीक्षेत आल्यासारखं चटकन उत्तर दिलं, आणि बरोबर उत्तर दिलं, आग लागो त्या बरोबर उत्तराला.

शोधनिबंध परत आला. छापायच्या आधी ज्यांनी तो तपासला त्यांच्यातल्या एकानं एक साधी गोष्ट मागितली होती. ठोकळा न घालता, तो ज्या पाण्यात बनवला तेवढं नुसतं पाणी पेशींना देऊन दाखवा. मला राग आला. नुसत्या पाण्यानं काय होणार आहे! असल्या लोकांना खोड काढायची सवय असते, असं मी सरांना म्हणाले, आणि तणतणत तो प्रयोग लावला. कॅनमधलं पाणी, त्यात डीएनए नाही, ठोकळा नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चुरा टाकून चिडवलं.

पेशी गप्प.

परत लावला. परत गप्प. मग बाटलीतल्या चांगल्या पाण्यात नवीन ठोकळे बनवले आणि ते दिले, तर पेशींनी मनसोक्त थयथयाट केला. म्हणजे आमचा ठोकळा काहीच करत नव्हता. सगळं पाणी करत होतं. साठवलेल्या पाण्यात जंतू वाढतात, शिजवल्यावर ते मरतात, पण त्यांच्या सालीचा चुरा पाण्यात तसाच राहतो, तो उकळून जात नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. तोच चुरा मी ठोकळ्याबरोबर पेशींना आदल्या दिवशी पाजत होते. त्या आधीच भडकून थकलेल्या होत्या, आणि पहिल्या दिवशीचा त्यांचा गोंगाट आम्ही मोजलाच नव्हता. रोज शिव्या खाणाऱ्या माणसाला नवी शिवी लागत नाही, तसं त्यांचं झालं होतं. मी त्याला शांती म्हणाले. मांडवात माईक घेऊन म्हणाले.

सरांनी सगळे आकडे स्वतः परत एकदा मांडून पाहिले. ओरडले नाहीत. "निबंध मागं घ्यावा लागेल," म्हणाले. आणि मग, "तुम्ही बाटली फार जपून वापरायचात, नाही का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी मी लवकर घरी गेले. वाटेत ठरवत होते की वहिनीला कसं सांगायचं, तिची आशा मोडणार, ती हिरमुसणार, याच्या पलीकडं माझी अक्कल धावली नव्हती. घरात शिरले तर मशीन बंद. कॉलरींचा गठ्ठा न सोडलेला, दोरी तशीच बांधलेली. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती आणि चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून, बोटं न लावता, वर उचलत होती. बोटं सुजून केळ्याच्या घडासारखी दिसत होती.

"हे काय?" मी म्हणाले. "गोळी घेतेस ना?"

ती हसली. खरंच हसली, शाबासकी मागितल्यासारखी. "कवाच सोडली की. तुमचा सत्कार झाला त्याच आठवड्यापासनं. नवं प्येरायचं तर आदी रान मोकळं कराय नगं का? तुमीच म्हनला न्हव्हं, म्हैना-दोन म्हैने लागत्यात. आता चार म्हैने झालं. आंग पार सोच्छ झालंय बगा. कवा आनताय तुमचं औषद?"

चार महिने आम्ही एका घरात होतो. ती हाताला बाम चोळायची, थंडी आहे म्हणायची, आणि मी, सांध्यांच्या रोगावर काम करणारी विदुषी, व्हय थंडी आहे म्हणायचे. दादाला तिनं शपथ घातली होती की मला सांगायचं नाही, उगं अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. तो बिचारा माझ्याच भाषणावर विश्वास ठेवून गप्प बसला.

मी तिला सांगितलं. औषध नाही. कधी नव्हतंच. पाणी होतं.

तिला आधी कळलं नाही. मी सगळं परत सांगितलं, कॅन, बाटली, चुरा, नुसतं पाणी देऊन बघायचं राहिलं ते. ती ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. मग म्हणाली, "म्हंजी पानी तपासलंच न्हाय?"

"नाही."

"वन्सं, शंभर कॉलरी कापायच्या आदी आमी कापडाचा एक तुकडा भिजवून बगतो. आटतंय का, रंग सोडतंय का. मी सातवी शिकलेली बाई. मास्तरनं कदी सांगितलं न्हाय, तरी बगतो. आन तुमी एवढं शिकला..." पुढचं ती बोलली नाही. मला वाटलं, बोलावं. चार शिव्या घालाव्यात, कप फेकून मारावा. पण तिला कप फेकता येत नव्हता.

सांध्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि दादाला बोटांची हाडं दाखवली. तीन सांध्यांची कड झिजलेली. गोळी परत सुरू करू, सूज उतरेल, दुखणं कमी होईल, पण जी झीज झाली ती भरून येत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून बंद केली? आमच्याकडं येणारे पुष्कळ जण कुणा ना कुणा बुवाचं ऐकून बंद करतात. वहिनी खाली बघत म्हणाली, "कुनी न्हाय सांगितलं. माझं मीच." मी शेजारी उभी होते. मीच तो बुवा, असं म्हणायला तोंड उघडलं नाही माझं. दादानं बाहेर आल्यावर माझ्याकडं एकदा पाहिलं, गाडीला किक मारली आणि तिला घेऊन गेला. मी रिक्षानं आले.

सूज उतरली. बोटं मात्र वाकडी राहिली, उजव्या हाताची पहिली दोन मुळीच मिटत नाहीत. कारखान्याचा मास्तर एकदा घरी येऊन गेला, चहा प्याला, तब्येत विचारली आणि जाताना न शिवलेला गठ्ठा उचलून घेऊन गेला. भला माणूस. दुसऱ्या गल्लीतल्या बाईला ते काम दिलं. तिच्या कॉलरी मी पाहिल्या आहेत, शाळेला जाणाऱ्या पोरांच्या गळ्यात. टोकं बोथट.

मी आजकाल चांगलंच पाणी वापरते, सगळ्याला. प्रत्येक प्रयोगात नुसत्या पाण्याचा एक नमुना ठेवते. नवीन येणाऱ्या मुलामुलींना हे सांगताना माझा आवाज चढतो आणि ती एकमेकांकडं बघतात, मॅडम जरा सटकलेल्या आहेत असं. असू दे. बाकीच्या जगात हे ठोकळे कुठं कुठं खरोखर काम करतायत, लोक नीट विरघळवतायत, नीट मोजतायत. एक दिवस औषधही होईल. झालं तर मला आनंद होईल की नाही, मला ठाऊक नाही.

वहिनीला स्वतःची वेणी घालता येत नाही. ते काम माझ्याकडं आलं आहे, कुणी दिलं नाही, मीच घेतलं. रोज सकाळी ती माझ्याकडं पाठ करून बसते आणि मी तिचे पेड घालते. मागच्या आठवड्यात केस विंचरता विंचरता, तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच धीर झाला असेल, मी म्हणाले, "वहिनी, मला माफ कर. एकदा तरी म्हण की माफ केलं."

तिनं मांडीवरची रिबीन तळव्यानं मागं सरकवली. 

"म्हनंन की," ती म्हणाली, "मला कुटं जड हाय. पन वन्सं, मी म्हनलं की तुमचं मन हलकं हुईल. माझी बोटं न्हाय मिटायची." मग तिनं मान जरा मागं केली. "ऱ्हाऊ द्या. जरा घट्ट घाला, काल दुपारलाच सुटली हुती."

मी वेणी उसवली आणि पहिल्यापासून घातली.